गोव्याच्या शेतात जीपीएस मार्गदर्शन: संकेताची अचूकता आणि सातत्य कसे तपासावे

उपग्रहाच्या आधारे चालणारे कोणतेही कृषी यंत्र विकत घेताना किंवा भाड्याने आणताना विक्रेता एक आकडा आवर्जून सांगतो: अचूकता अडीच सेंटिमीटर. हा आकडा खोटा नसतो, परंतु तो कोणत्या अटींवर खरा ठरतो हे बहुधा सांगितले जात नाही. मोकळे आकाश, जवळ असलेले संदर्भ केंद्र (ज्ञात जागेवरून यंत्राला दुरुस्ती पाठवणारा रिसीव्हर), त्याच्याशी अखंड दुवा आणि सपाट जमीन या त्या अटी होत. गोव्यात या चारही अटी एकाच शेतात पूर्ण होणे अवघड असते. शेताच्या कडेला माडांची रांग असते, मागे जांभ्याची टेकडी असते, खाली पाणी साचलेले असते आणि सत्तरी किंवा सांग्याच्या आतल्या भागात मोबाइलचे नेटवर्क तुटक असते. त्यामुळे यंत्राच्या पुस्तिकेतला आकडा बाजूला ठेवून स्वतःच्या शेतात संकेत कसा वागतो हे मोजून पाहणे आवश्यक ठरते, आणि ते फारशा खर्चाशिवाय करता येते.

मोजण्यापूर्वी काय मोजायचे हे स्पष्ट हवे. अचूकता या एका शब्दाखाली तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. यंत्राने दाखवलेली जागा पृथ्वीवरच्या खऱ्या जागेपासून किती दूर आहे, हा पहिला प्रश्न. याला निरपेक्ष अचूकता म्हणतात. शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांमधले अंतर किती बरोबर राहते, हा दुसरा. ही फेरी-ते-फेरी अचूकता साधारण पंधरा मिनिटांच्या अवधीत मोजण्याची रीत आहे. आज आखलेल्या रेषेवर यंत्र सहा महिन्यांनी किंवा पुढच्या वर्षी परत येते का, हा तिसरा. एखादा रिसीव्हर दोन मीटर चुकत असूनही दुसऱ्या प्रश्नात उत्तम उतरू शकतो, कारण ती चूक पंधरा मिनिटांत फारशी बदलत नाही आणि सर्व फेऱ्या सारख्याच सरकतात. शेतीच्या बहुतेक कामांत सातत्य हाच खरा कस असतो, आणि सातत्य हे रिसीव्हरच्या किमतीपेक्षा आकाश, संदर्भ बिंदू आणि अँटेनाची बसवणूक यांवर अधिक अवलंबून असते.

पहिली पायरी: काम ठरवावे, मग अचूकता

खाजनातल्या (भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या सखल शेतातल्या) दहा-पंधरा मीटर रुंदीच्या, चारही बाजूंनी मेरा, म्हणजे हद्दीचे बांध, असलेल्या तुकड्यात ट्रॅक्टरला स्वयंचलित स्टिअरिंग बसवणे हा माझ्या मते पैशाचा अपव्यय आहे. तेथे निम्मा वेळ वळण्यातच जातो. हे तंत्र गोव्यात उपयोगी पडते ते फवारणी ड्रोनसाठी, क्षेत्र मोजण्यासाठी, बांधांची उंची तपासण्यासाठी, सांगे आणि धारबांदोडा भागातल्या उसाच्या मोकळ्या पट्ट्यांसाठी, आणि कुडतरीसारख्या सलग भातशेतीत भाड्याने येणाऱ्या कापणी यंत्रांच्या कामाची नोंद ठेवण्यासाठी. या प्रत्येक कामाची गरज वेगळी आहे.

ड्रोनचे उदाहरण घेऊ. एका फेरीत चार मीटर रुंदीचा पट्टा फवारला जातो असे मानले, आणि सर्व फेऱ्या एकाच दिशेला एक मीटर सरकल्या, तर शेताच्या मध्यभागी काहीच बिघडत नाही; दोन पट्ट्यांमध्ये फट राहत नाही आणि औषध दोनदाही पडत नाही. बिघडते ते कडेला. एका बाजूची एक मीटर पट्टी कोरडी राहते आणि दुसऱ्या बाजूला औषध मेर ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात, किंवा खाजनात असेल तर मानसेकडे (भरतीचे पाणी अडवणाऱ्या दाराकडे) जाणाऱ्या, मासे आणि कोळंबी असलेल्या पाण्यात पडते. उलट, चूक फेरीगणिक बदलत असेल तर शेताच्या मध्यावरच कोठे फट, कोठे दुप्पट मात्रा असे पट्टे उमटतात. म्हणजे शेताच्या आत फेरी-ते-फेरी सातत्य हवे आणि पाण्यालगतच्या कडेला निरपेक्ष अचूकता हवी. ज्या शेताला एका बाजूने तरी पाणी आहे, त्या शेतात ड्रोनसाठी सेंटिमीटर पातळीची दुरुस्ती (उपग्रहाच्या संकेतातली चूक काढून टाकणारी माहिती) असलेला संकेत मागावा. चारही बाजूंनी स्वतःचेच भात असेल तर त्याहून कमी चालते.

क्षेत्र मोजताना गोष्ट निराळी होते. २० मीटर बाय ३० मीटरचा, म्हणजे ६०० चौरस मीटरचा तुकडा मोबाइलने चारही कोपरे नोंदवून मोजला, आणि प्रत्येक कोपऱ्यावर दोन्ही दिशांना सुमारे २ मीटरची स्वतंत्र चूक झाली, तर क्षेत्रफळातली अनिश्चितता सुमारे ७२ चौरस मीटर, म्हणजे १२ टक्के येते. हीच २ मीटरची चूक चारही कोपऱ्यांना सारखी असती तर क्षेत्रफळ अगदी बरोबर आले असते. म्हणून मोबाइलने मोजायचेच असेल तर चारही कोपरे एका दमात, काही मिनिटांत नोंदवावेत. दोन कोपरे सकाळी आणि दोन संध्याकाळी अशी मोजणी करू नये. कापणी यंत्राचे भाडे किंवा औषधाची मात्रा अशा मोजणीवर ठरत असेल तर लहान तुकड्यासाठी साधी पन्नास मीटरची टेप आजही अधिक विश्वासार्ह आहे.

दुसरी पायरी: कोणती दुरुस्ती मिळते आहे ते ओळखावे

आजचे रिसीव्हर अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाच्या ग्लोनास, युरोपच्या गॅलिलिओ आणि चीनच्या बायडू यांचे, व काही मॉडेल आपल्या नाविकचेही संकेत घेतात. केवळ या संकेतांवर, मोकळ्या आकाशाखाली, तीन ते पाच मीटरपर्यंतची चूक गृहीत धरावी. त्यापुढची पायरी गगन. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी विमान वाहतुकीसाठी उभारलेली ही प्रणाली भूस्थिर उपग्रहांवरून विनामूल्य दुरुस्ती पाठवते आणि सामान्यतः चूक एक-दोन मीटरपर्यंत आणते. तिची उपकरणे जीसॅट-८, जीसॅट-१० आणि जीसॅट-१५ या उपग्रहांवर आहेत. हे उपग्रह विषुववृत्तावर असल्यामुळे गोव्यातून ते आकाशाच्या दक्षिण अर्ध्यात, क्षितिजापासून ६० ते ७० अंश उंचीवर असतात. म्हणून टेकडीमागच्या शेतातही गगनचा संकेत सहसा मिळतो. पुष्कळ रिसीव्हरमध्ये तो कारखान्यातून बंद असतो किंवा अमेरिकेच्या अथवा युरोपच्या प्रणालीवर लावलेला असतो, हे आधी तपासावे.

उपग्रहांची कक्षा आणि घड्याळे यांच्या अचूक दुरुस्तीवर चालणारी दुसरी पद्धत पीपीपी या नावाने ओळखली जाते. युरोपच्या गॅलिलिओने जानेवारी २०२३ पासून अशी विनामूल्य सेवा सुरू केली असून तिचे उद्दिष्ट आडव्या दिशेत सुमारे २० सेंटिमीटरचे आहे. या पद्धतीत संदर्भ केंद्र लागत नाही, परंतु संकेत स्थिरावण्यासाठी कित्येक मिनिटे, अनेकदा पंधरा ते तीस मिनिटे, थांबावे लागते आणि माडाखालून गेल्यावर तुटले की पुन्हा थांबावे लागते. लहान तुकड्यांच्या शेतीत ही प्रतीक्षा महाग पडते.

खरी सेंटिमीटर अचूकता आरटीके पद्धतीने मिळते. यात ज्ञात जागी ठेवलेले संदर्भ केंद्र सेकंदासेकंदाला आपली निरीक्षणे यंत्राकडे पाठवते. चांगल्या उपकरणाची आडवी चूक सुमारे १ सेंटिमीटर, अधिक संदर्भ केंद्रापासूनच्या प्रत्येक दहा किलोमीटरला आणखी १ सेंटिमीटर, अशी सांगितली जाते. पडद्यावर या वेळी काय लिहिलेले आहे ते वाचण्याची सवय चालकाला लावली पाहिजे. रिसीव्हरच्या नोंदीत स्थितीचा एक अंक असतो: १ म्हणजे दुरुस्तीविना, २ म्हणजे गगनसारखी दुरुस्ती, ४ म्हणजे आरटीके फिक्स्ड (उत्तर सेंटिमीटरपर्यंत पक्के झालेले), ५ म्हणजे आरटीके फ्लोट (उत्तर अजून अंदाजे). यांतला ५ हा अंक सर्वांत फसवा आहे. पडद्यावर आरटीके असे दिसते, रेषाही सरळ भासते, पण चूक काही डेसिमीटरपासून मीटरभरापर्यंत असू शकते. सेंटिमीटरच्या कामात ५ दिसला की यंत्र थांबेल किंवा भोंगा वाजेल अशी व्यवस्था सेटिंगमध्ये करून घ्यावी.

तिसरी पायरी: शेतावरचे आकाश वाचावे

रिसीव्हर साधारणतः क्षितिजापासून १० ते १५ अंशांच्या खालचे उपग्रह वगळतो. त्याच्या वर किती आकाश झाकलेले आहे ते शेताच्या मध्यात आणि चारही कडांना उभे राहून पाहावे. अँटेना दोन मीटर उंचीवर आणि माड पंधरा मीटर उंच असेल, तर दहा मीटर अंतरावरून तो सुमारे ५२ अंशांपर्यंतचे आकाश अडवतो, तीस मीटरवरून २३ अंशांपर्यंत, आणि पन्नास मीटरवरून १५ अंशांच्या किंचित खाली राहतो, म्हणजे त्याचा अडथळा जवळपास संपतो. शेताच्या कोणत्या पट्टीत संकेत कच्चा राहील याचा नकाशा एवढ्या हिशेबावर काढता येतो.

अडथळा कोणत्या दिशेला आहे यालाही महत्त्व आहे, आणि ही बाब पुस्तिकांमध्ये क्वचित आढळते. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी झुकलेल्या असल्यामुळे गोव्याच्या अक्षांशावरून पाहिले असता ठीक उत्तर दिशेला सुमारे ४० अंशांच्या खाली जीपीएसचा एकही उपग्रह कधी येत नाही. ग्लोनासच्या कक्षा अधिक झुकलेल्या असल्याने ती पोकळी काही प्रमाणात भरते इतकेच. याचा व्यवहारातला अर्थ असा की उत्तरेकडच्या माडांच्या रांगेने होणारे नुकसान दक्षिणेकडच्या तशाच रांगेपेक्षा कमी असते. संदर्भ केंद्राची जागा निवडताना घर, टाकी किंवा झाडे उत्तरेला येतील अशी निवड करावी.

कुळागराबद्दल (माड-पोफळीच्या बागायतीबद्दल) स्पष्टच सांगायचे तर माड आणि पोफळीच्या छायेत फिक्स्ड स्थिती टिकेल अशी अपेक्षा धरू नये. एखाद्या वेळी ती मिळालीच तर ती खोटी असण्याचा धोका असतो, कारण पानांतून आणि खोडांवरून परावर्तित झालेले संकेत रिसीव्हरला चुकीच्या उत्तरावर ठाम करतात. कुळागरातला बिंदू हवा असेल तर बाहेर मोकळ्या जागी दोन बिंदू नोंदवून तेथून टेपने किंवा टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या भूमापन यंत्राने) आत मोजत जावे.

परावर्तन केवळ झाडांमुळेच होते असे नाही. पत्र्याची शेड, कुंपणाच्या तारा आणि लावणीच्या वेळी शेतात उभे असलेले पाणी हे सर्व संकेत उलटवतात. पाण्यावरून खालून येणारा संकेत रोखण्यासाठी अँटेनाखाली पुरेशी मोठी धातूची तबकडी असावी; ट्रॅक्टरच्या छपराचा पत्रा हे काम बऱ्यापैकी करतो, काठीवरच्या लहान अँटेनाला मात्र ती वेगळी लावावी लागते. पाऊस आणि ढग यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. या लहरींवर त्यांचा परिणाम नगण्य असतो. भिजलेली पाने मात्र कोरड्या पानांपेक्षा अधिक संकेत शोषतात, म्हणून वैशाखात चाललेली कड श्रावणात चालेलच असे नाही.

यानंतर वेळेचा विचार. भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते. १९६३ मध्ये अग्निबाण सोडण्यासाठी थुंब्याची निवड झाली ती याच कारणाने. या पट्ट्यात आयनावरण, म्हणजे वातावरणाच्या वरच्या भागातला विद्युतभारित कणांचा थर, अधिक चंचल असते आणि गोवा त्याच्या प्रभावाखाली येतो. दुपारी संकेताला होणारा विलंब दिवसातला सर्वाधिक असतो, तर सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत संकेत थरथरून तुटण्याचे प्रकार घडतात, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या विषुवदिनांच्या आसपासच्या महिन्यांत, आणि सूर्यावरील हालचाली शिखरावर असलेल्या वर्षांत. वायंगण (उन्हाळी) भातावर मार्च महिन्यात दिवस मावळल्यावर ड्रोनने फवारणी करायची आणि फिक्स्ड स्थिती का टिकत नाही म्हणून ऑपरेटरला दोष द्यायचा, हे न्याय्य नाही. सकाळी आयनावरण शांत असते आणि वाराही पडलेला असतो, म्हणून फवारणी आणि मोजणी दोन्ही सकाळीच उरकावीत. १० मे २०२४ च्या सुमाराला आलेल्या तीव्र सौर वादळात अमेरिकेच्या मध्य भागात ऐन पेरणीत अनेक ट्रॅक्टरांचे मार्गदर्शन बंद पडले होते. असे वादळ असल्याची सूचना आली तर त्या दिवशी रेषा आखण्याचे किंवा सीमा नोंदवण्याचे काम पुढे ढकलावे.

एक बारकावा येथेच सांगतो. जीपीएस उपग्रहांची मांडणी दररोज सुमारे चार मिनिटे आधी पुन्हा तशीच येते. एखाद्या शेतात आज सकाळी दहा वाजता संकेत वाईट मिळत असेल आणि कारण माडांची रांग असेल, तर महिनाभराने ती वाईट वेळ सकाळी आठच्या आसपास येईल. दोषाची वेळ अशी सरकत असेल तर कारण आकाशात आहे. ती जागच्या जागी राहत असेल तर आयनावरण किंवा जवळपासचे एखादे उपकरण कारणीभूत आहे.

चौथी पायरी: संदर्भ बिंदू पक्का करावा

सातत्य बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण येथे आहे आणि ते माणसाच्या हातून घडते. संदर्भ केंद्र सुरू केल्यावर ते काही मिनिटे निरीक्षण करून स्वतःची जागा सरासरीने ठरवते. ही सोय झटपट कामासाठी ठीक आहे, पण त्या सरासरीत मीटर-दोन मीटरची चूक असतेच, आणि दुसऱ्या दिवशी तिवई त्याच खिळ्यावर उभी केली तरी नवी सरासरी वेगळी येते. त्या दिवसापुरत्या सर्व फेऱ्या एकमेकींशी सेंटिमीटरने जुळतात. कालच्या फेऱ्यांशी मात्र त्या मीटरभर जुळत नाहीत. उपकरणाचा दोष नसताना ते नादुरुस्त ठरवले जाते.

उपाय सोपा आहे. शेताजवळ न हलणारी जागा निवडावी: जांभ्याच्या उघड्या कातळात ठोकलेला स्टीलचा खिळा किंवा काँक्रीटच्या खांबावरचा बोल्ट. खाजनाचा बांध यासाठी कधीही निवडू नये, कारण तो चिखलावर उभा असतो, खचतो आणि दरवर्षी डागडुजीत बदलतो. निवडलेल्या बिंदूवर रिसीव्हर ठेवून कित्येक तास, शक्य असल्यास दिवसभर, निरीक्षणे नोंदवावीत आणि त्यांवरून काढलेले निर्देशांक कायमचे लिहून ठेवावेत. त्यानंतर प्रत्येक वेळी केंद्राला स्वतःची जागा शोधू न देता हेच आकडे हाताने भरावेत. दशांश अंशांत लिहिताना सातव्या स्थळापर्यंत लिहावे. पाचवे स्थळ सुमारे १.१ मीटरचे असते आणि सातवे सुमारे १.१ सेंटिमीटरचे. मीटरमध्ये काम करायचे असेल तर गोवा यूटीएमच्या (मीटरमध्ये निर्देशांक देणाऱ्या जागतिक नकाशा-पद्धतीच्या) ४३ उत्तर या विभागात येतो. अँटेनाची उंचीही त्याच वहीत नोंदवावी आणि ती कोठून कोठपर्यंत मोजली हेही लिहावे.

स्वतःचे केंद्र नको असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स या कायमस्वरूपी केंद्रांच्या जाळ्यातून इंटरनेटमार्फत दुरुस्ती घेता येते. नोंदणी करताना आपल्या शेताला सर्वांत जवळचे केंद्र किती किलोमीटरवर आहे ते पाहावे. आपल्या अक्षांशावर आयनावरणाचा फरक थोड्या अंतरातही जाणवतो, म्हणून एकेरी केंद्रापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे जाणे टाळावे. त्याहून लांब असल्यास अनेक केंद्रांवरून काढलेली आभासी केंद्राची सेवा निवडावी. ही दुरुस्ती मोबाइल डेटावर येत असल्याने शेताच्या प्रत्येक कोपऱ्यात नेटवर्क तपासावे आणि पडद्यावर दुरुस्तीचे वय दहा सेकंदांच्या आत राहते का ते पाहावे. डोंगराआडच्या शेतात नेटवर्क टिकत नसेल तर स्वतःचे केंद्र आणि रेडिओ दुवा हाच मार्ग उरतो. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याविना खुला आहे. त्याहून वेगळ्या पट्ट्यातला रेडिओ कोणी विकत असेल तर परवान्याची चौकशी करूनच घ्यावा.

भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. जागतिक चौकटीत मोजणाऱ्या पीपीपी पद्धतीला ही हालचाल दिसते, आपल्या कातळातल्या खिळ्याला ती दिसत नाही, कारण खिळा आणि शेत एकत्रच सरकतात. उसाच्या खोडव्यात तीन वर्षे त्याच ओळींवर काम करायचे असेल, किंवा गाडलेल्या ठिबक नळ्या टाळून मशागत करायची असेल, तर जागतिक निर्देशांकांवर आखलेली रेषा तोवर सुमारे १५ सेंटिमीटर सरकलेली आढळेल. अशा कामाला स्थानिक स्थिर बिंदूच योग्य.

पाचवी पायरी: अँटेना आणि यंत्र

रिसीव्हर अँटेनाची जागा सांगतो, नांगराची किंवा फवारणीच्या नळीची नाही. अँटेना जमिनीपासून २.५ मीटर उंच असलेला ट्रॅक्टर ५ अंश कलला, तर अँटेना बाजूला सुमारे २२ सेंटिमीटर सरकते. एक चाक मेरेवर चढले तरी एवढा कल सहज येतो. म्हणून कल मोजणारा संवेदक असलेलेच यंत्र घ्यावे आणि सपाट काँक्रीटवर उभे करून तो शून्यावर आणावा. नंतर ट्रॅक्टर त्याच जागी उलट्या तोंडाने उभा करून वाचन तेच येते का ते पाहावे.

अँटेना मध्यरेषेवर आहे का, याची चाचणी शेतातच होते. एका रेषेवरून जाऊन मध्यावर खूण करावी, त्याच रेषेवरून उलट दिशेने येऊन तेथेच पुन्हा खूण करावी. दोन खुणांमधल्या अंतराचा निम्मा भाग म्हणजे अँटेनाचे मध्यापासूनचे सरकणे. सहा सेंटिमीटर आले तर सेटिंगमध्ये तीन सेंटिमीटरची दुरुस्ती भरावी.

वेळेतला विलंबही मोजावा लागतो. ताशी ५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये ०.२ सेकंदाचा विलंब म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटर. सेकंदाला ५ मीटर वेगाने उडणाऱ्या ड्रोनमध्ये तोच विलंब एक मीटर होतो. मेरेजवळ फवारा उशिरा बंद होण्याचे कारण बहुधा हेच असते. समुद्राकडच्या खाऱ्या हवेत केबलचे जोड लवकर गंजतात आणि संकेत हळूहळू क्षीण होतो, म्हणून जोडांवर जलरोधक टेप गुंडाळावी आणि पावसाळ्यानंतर ती उघडून पाहावी.

सहावी पायरी: चाचणी

यंत्रे तपासण्यासाठी आयएसओ १२१८८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा गाभा घेऊन शेतकऱ्याला पुढीलप्रमाणे चाचणी करता येईल.

प्रथम स्थिर चाचणी. पक्क्या बिंदूवर यंत्राची अँटेना ठेवून सेकंदाला एक याप्रमाणे किमान दोन तास नोंद घ्यावी. चोवीस तास घेतली तर उत्तमच, कारण त्यात दुपार आणि संध्याकाळ दोन्ही येतात. नोंदींमधून समान अंतराने शंभर वाचने निवडून प्रत्येकाचे ज्ञात बिंदूपासूनचे अंतर काढावे आणि ती अंतरे चढत्या क्रमाने मांडावीत. पन्नासावे अंतर हे जाहिरातीत दिसणाऱ्या आकड्याच्या जवळचे असते. आपण पंचाण्णवावे पाहावे. शेतात पीक चिरडले जाते किंवा पट्टा सुटतो तो सरासरी चुकीमुळे नव्हे, मोठ्या चुकीमुळे. याच नोंदींचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात जागा किती भटकली ते वेगळे लिहावे. हा आकडा फेरी-ते-फेरी सातत्याचा अंदाज देतो.

नंतर चालती चाचणी. शंभर मीटरची रेषा आखावी, तिच्यावर तीन ठिकाणी आडवी दोरी ताणावी आणि यंत्र ठरलेल्या वेगाने त्याच रेषेवरून अनेकदा न्यावे. प्रत्येक वेळी चाकाची किंवा फाळाची जागा दोरीवर खडूने नोंदवावी. पहिल्या पंधरा मिनिटांतल्या खुणा एकमेकींपासून किती दूर आहेत, एका तासाने किती, आणि सर्व उपकरणे बंद करून दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केल्यावर किती, हे तीन आकडे वेगवेगळे लिहावेत. बंद करून सुरू करण्याचा हा भाग वगळू नये. संदर्भ बिंदूतला दोष केवळ त्यातच उघड होतो. शेवटी तीच चाचणी माडांच्या रांगेलगतच्या पट्टीत करावी आणि फिक्स्ड स्थिती तुटल्यावर पुन्हा मिळायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे.

उंचीविषयी थोडे

खाजनात उंचीला क्षेत्रापेक्षाही अधिक महत्त्व आहे, कारण बांध भरतीच्या वर राहतो की नाही यावर सर्व भात अवलंबून असते. उपग्रहाने काढलेल्या उंचीतली चूक आडव्या चुकीच्या साधारण दीड-दोन पट असते. शिवाय रिसीव्हर जी उंची मुळात काढतो ती गणिती गोलाभापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या काल्पनिक गुळगुळीत नमुन्यापासूनची, असते. त्या मापाने गोव्यातली समुद्रसपाटीजवळची जमीन उणे पन्नास मीटरहूनही खाली दिसते. तो आकडा पाहून गोंधळू नये आणि भरतीच्या तक्त्याशी त्याची थेट तुलनाही करू नये. मानसेच्या दगडी चौकटीवर एक खूण करून तिच्यापासून बांध किती वर किंवा खाली आहे एवढेच मोजावे, आणि मोठ्या भरतीच्या वेळी पाणी त्याच खुणेच्या मानाने कोठे आले ते पाहावे.

बिघाडाची लक्षणे

फेऱ्यांमधली फट एकाआड एक रुंद आणि अरुंद येत असेल तर अँटेनाचे मध्य किंवा कलाची शून्यस्थिती चुकलेली आहे; संकेताला दोष देऊ नये. सर्व फेऱ्या कालच्या मानाने एकाच दिशेला सरकल्या असतील तर संदर्भ केंद्राचे निर्देशांक बदललेले आहेत. रेषा तासाभरात हळूहळू एका बाजूला वाहत असेल तर यंत्र गगन किंवा दुरुस्तीविना स्थितीवर उतरले आहे. अचानक अर्धा मीटर उडी बसली तर फिक्स्ड तुटून फ्लोट झाले, किंवा त्याहून वाईट म्हणजे खोटी फिक्स्ड स्थिती मिळाली. अशा वेळी रिसीव्हर मोकळ्या जागी नेऊन पुन्हा सुरू करावा आणि ज्ञात बिंदूवर ठेवून पडताळावा. जुन्या रिसीव्हरवर तारीख एकोणीस-वीस वर्षांपूर्वीची दिसत असेल तर जीपीएसच्या आठवड्यांचा मोजक ६ एप्रिल २०१९ रोजी शून्यावर आल्याचा तो परिणाम असून सॉफ्टवेअर अद्ययावत करावे लागेल.

सेंटिमीटर अचूकता मिळू लागली की जमिनीच्या हद्दीबद्दल नवे वाद सुरू होतात. सर्व्हे प्लॅनवरची रेषा आणि रिसीव्हरने दाखवलेली रेषा यांत फरक आढळला तर मेर हलवू नये. जुने नकाशे वेगळ्या पद्धतीने आणि वेगळ्या आधारांवर तयार झालेले आहेत, आणि हद्द ठरवण्याचा अधिकार भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीला आहे, ट्रॅक्टरच्या पडद्याला नाही.

भाड्याच्या यंत्राबाबत

गोव्यात बहुतेकांच्या वाट्याला येते ते भाड्याचे ड्रोन किंवा कापणी यंत्र, ज्याच्या सेटिंगवर शेतकऱ्याचा हात नसतो. काम ठरवतानाच चार गोष्टी विचाराव्यात: दुरुस्ती कोणती वापरणार, संदर्भ केंद्र कोठे ठेवणार, फ्लोट झाल्यास यंत्र थांबते की पुढे जाते, आणि कामाची नोंद-फाइल मिळेल का. स्वतःचा पक्का बिंदू असेल तर त्याचे निर्देशांक ऑपरेटरला द्यावेत आणि केंद्र त्याच खिळ्यावर उभे करायला सांगावे. काम सुरू होण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या ज्ञात खुणेवर यंत्र किंवा त्याचा हातातला रिसीव्हर ठेवून वाचन जुळते का ते पाहावे. यास पाच मिनिटेही लागत नाहीत. नोंद-फाइलमध्ये प्रत्येक फेरीची वेळ आणि स्थितीचा अंक असतो. त्यांतले ४ सोडून इतर अंक असलेले पट्टे शेताच्या नकाशावर रंगवून ठेवले, की पुढच्या हंगामात कोणत्या कडेला हाताने पंप मारायचा आणि कोणत्या कडेचे माड आधी साफ करून घ्यायचे, हे ऑपरेटर येण्यापूर्वीच ठरवता येते.